दर्यावर्दी म्हणे!

पट्टेरी कापडाचे बारा तुकडे, तांबडी टोपडी चार, हॅटी सहा, पोवळ्याच्या माळा चार, हात धुवायची घंगाळी सहा, साखरेची एक पेटी, तेलाची दोन पिंपे आणि मधाची दोन. १४९८ च्या मे महिन्यात कालिकतच्या सामुद्री राजाला नजर करण्यासाठी वास्को द गामाने हा ऐवज मांडला. राजाचे कारभारी आले, त्यांनी यादीवरून नजर फिरवली आणि ते चक्क हसले. मक्केहून येणारा फाटका व्यापारीसुद्धा याहून बरे आणतो, सोने असेल तर काढा, हे आम्ही राजासमोर नेणार नाही, असे त्यांनी तोंडावर सांगितले. त्यावर गामाचे उत्तर तर ऐकण्यासारखे आहे: मी व्यापारी नाही, वकील आहे, आणि हे माझ्या पदरचे आहे, आमच्या राजाचे नव्हे. लग्नाला आहेराचे पाकीट विसरून आलेला मामासुद्धा याहून बरी सबब सांगतो.

ही यादी कोणा गामाद्वेष्ट्याने रचलेली नाही. त्याच्याच ताफ्यातल्या एका माणसाने, स्वतःचे नाव न सांगता, रोजनिशीत लिहून ठेवली आहे. पहिल्या सफरीची प्रत्यक्ष पाहणाऱ्याने लिहिलेली हकीकत म्हणून आपल्याकडे काय ते तेवढेच उरले आहे, आणि त्यातला हा दरबार आमच्या एकाही शालेय पुस्तकात मी वाचलेला नाही. तिथे एकच ओळ असते. भारताकडे येणारा सागरी मार्ग कोणी शोधला? वास्को द गामा, १४९८. एक गुण. पुढचा प्रश्न.

मला गामाचा राग नाही. तो मेला त्याला पाचशे वर्षे उलटून गेली. राग येतो तो आपला. एखाद्या माणसाची आख्खी कारकीर्द त्याच्या सगळ्यात कमी महत्त्वाच्या सालावरून पाठ करायची आणि जे साल आपल्या किनाऱ्याला शेकडो वर्षे भोवले ते सोडून द्यायचे, याला इतिहास शिकवणे म्हणत नाहीत. ते साल १५०२. त्याच्याकडे येतोच.

आधी त्या 'मार्गा'चा हिशेब करू. गामा हा कसलेला नावाडी होता असा आपला समज असतो. त्याच्या आधीच्या कामांत ठळक नोंद सापडते ती १४९२ ची: राजा दुसऱ्या जॉनने त्याला सेतुबलला पाठवले, तिथली फ्रेंच जहाजे जप्त करायला. म्हणजे जप्तीचा कारकून. ते काम त्याने चोख केले, आणि मला वाटते पुढची नेमणूक देताना दरबाराने पाहिले ते हेच. समुद्र जाणणारे लोक वेगळे होते. आफ्रिकेचे दक्षिण टोक १४८८ मध्येच बार्तोलोमेउ दियासने ओलांडले होते. गामाच्या जहाजावरचा मुख्य वाटाड्या पेरो द अलेंकेर हा दियासबरोबर जाऊन आलेला. सूर्याच्या उंचीवरून अक्षांश काढायचे कोष्टक अब्राहम झाकुतो या ज्यू पंडिताचे, १४९६ मध्ये पोर्तुगालमध्येच छापलेले. त्याच वर्षाच्या अखेरीस राजा मॅन्युएलने ज्यूंना देश सोडायचा हुकूम काढला. कोष्टक जहाजात, कोष्टक करणारा देशोधडीला. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायचे आणि वर ओंजळच तोडायची, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे मला माहीत नाही.

आणखी एक नाव ऐका: पेरो द कोविल्यां. हा पोर्तुगीज हेर अरबी बोलायचा. गामाच्या जवळजवळ दहा वर्षे आधी, एडनवरून, अरबांच्या जहाजात भाडे भरून, साध्या उतारूसारखा तो कालिकतला पोचला होता. गोवाही पाहून गेला. तोफ नाही, क्रूस कोरलेले दगडी खांब नाहीत, तिकीट काढले आणि आला. पुढे तो इथिओपियाला गेला, तिथल्या राजाने त्याला परत जाऊ दिले नाही, तिथेच त्याचे घर झाले. त्याच्या नावाने गुण मिळत नाहीत.

इतके बोलल्यावर एक गोष्ट कबूल करणे भाग आहे, नाहीतर मीही त्या एका गुणाच्या प्रश्नासारखाच वागेन. ८ जुलै १४९७ ला लिस्बन सोडल्यावर या ताफ्याने दक्षिण अटलांटिकमध्ये जे वळण घेतले ते थरारक होते. आफ्रिकेचा किनारा धरून कुथत जाण्याऐवजी ते खोल समुद्रात शिरले, वाऱ्याच्या चक्रावर स्वार झाले आणि नव्वद दिवसांहून अधिक काळ जमीन न पाहता नोव्हेंबरात आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याला, टोकाच्या जरा वर, लागले. कोलंबसने सलग जितके दिवस जमीन पाहिली नव्हती त्याच्या दुपटीहून हे जास्त. यात अलेंकेरसारख्या वाटाड्यांची अक्कल आहे, आणि दीडशेहून अधिक कंटाळलेली, घाबरलेली माणसे हाताखाली ठेवणाऱ्या कप्तानाचा ताठरपणाही आहे. तो त्याच्या खाती मांडा. पण मार्ग म्हणून जो नवा तुकडा होता तो एवढाच, अटलांटिकमधला. मालिंदीपासून कालिकतपर्यंतचा रस्ता शेकडो वर्षे वहिवाटीचा होता. तिथला एक जाणता तांडेल गामाने मालिंदीच्या सुलतानाकडून मिळवला, आणि त्याने तेवीस दिवसांत ताफा मलबारला आणून सोडला.

आता याच तांडेलावरून आमच्या व्हॉट्सॲप-इतिहासकारांचा कान धरायला हवा. गामाला शिव्या घालणारी ही नवी जमात त्याच्या भाटांइतकीच आळशी आहे. त्यांच्या निरोपात एक गुजराती व्यापारी असतो, त्याचे जहाज गामाच्या जहाजाच्या तिप्पट असते, आणि गामा बिचारा त्याच्या मागे शेपूट धरून भारतात येतो. कुणी त्याला कच्छी कानजी मालम म्हणतो. दुसरीकडे अरबांनी आपला थोर दर्यापंडित इब्न माजिद पुढे केला. तोही दावा अभ्यासकांनी मोडीत काढला आहे. रोजनिशीत त्या तांडेलाचे नाव नाही. तिच्या लेखी तो ख्रिस्ती होता, पण या लोकांना त्या वेळी भारतात दिसेल तो ख्रिस्तीच वाटत होता. पुढचे पोर्तुगीज बखरकार त्याला गुजरातचा मुसलमान म्हणतात. एवढेच हाताशी आहे. तो गुजराती असणे अगदी संभवनीय आहे, कारण त्या काळी आफ्रिकेच्या बंदरांत गुजराती माणूस काही नवलाचा नव्हता. पण जहाज तिप्पट होते हे कुणी मोजले? आपला मोठेपणा सिद्ध करायला खोटे लागत असेल तर तो मोठेपणा काय कामाचा?

कालिकतला उतरल्यावरची कथा निव्वळ फार्स आहे. किनाऱ्यावर पहिला माणूस पाठवला तो शिक्षा झालेला एक कैदी. मेला तर तोच मरो हा हिशेब. त्याला भेटले दोन ट्युनिसचे मुसलमान, स्पॅनिश बोलणारे, आणि त्यांनी स्वागत केले ते तुला इथे कुठल्या सैतानाने आणले या थाटात. नंतर गामाला वाटेत एका देवळात नेले. त्याला ते चर्च वाटले. मूर्तीपुढे ही मंडळी गुडघे टेकून बसली. भिंतीवरच्या 'संतां'ना चार-पाच हात होते आणि दात बोटभर बाहेर आलेले होते, असे रोजनिशीकार लिहितो, आणि तरी त्याला शंका येत नाही! ज्याला देवी आणि मेरी यांतला फरक डोळ्यांसमोर असताना कळला नाही, त्याने म्हणे भारत शोधला.

मग परतीचा प्रवास. इथे तर मला आमच्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही म्हाताऱ्या तांडेलाला मुद्दाम उठवून ही हकीकत ऐकवावीशी वाटते. नारळी पौर्णिमेला होड्या दर्यात लोटता येतात, पण आफ्रिका गाठायची तर ईशान्येचा वारा धरावा लागतो, आणि तो कार्तिक-मार्गशीर्षाशिवाय नीट लागत नाही. गामाने सामुद्रीशी जकातीवरून भांडण काढले, काही मलबारी माणसे जहाजावर डांबली आणि ऑगस्टच्या अखेरीस शिडे उभारली. कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जहाजे दुरुस्त केली. तिथे आदिलशाही मुलखातून एक ज्यू गृहस्थ गोड बोलत भेटायला आला, त्याला हेर समजून फटके मारले, मग बाप्तिस्मा दिला आणि स्वतःचेच आडनाव चिकटवून टाकले: गास्पार द गामा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला निघालेली जहाजे वारा नसलेल्या समुद्रात अशी लटकली की येताना तेवीस दिवसांत कापलेले पाणी जाताना जवळजवळ तीन महिने संपेना. हिरड्या सुजून दातांवर चढल्या. तीसएक माणसे त्या एकाच टप्प्यात गेली. एकेका जहाजावर कामाला धड सात-आठ जण उरले. मालिंदीला पोचल्यावर आजाऱ्यांसाठी संत्री मागवायची वेळ आली, आणि एक जहाज चालवायला माणसेच नाहीत म्हणून त्यांनी ते स्वतःच्या हाताने जाळले. निघालेल्यांपैकी निम्मेही घरी परतले नाहीत. त्याचा सख्खा भाऊ पावलोही वाटेत अझोर्समध्ये वारला. ही माणसे समुद्राने मारली की कप्तानाच्या घाईने?

पण लिस्बनला पोचताच राजा मॅन्युएलने स्वतःला इथिओपिया, अरबस्तान, इराण आणि भारत इथल्या विजयाचा, नौकानयनाचा आणि व्यापाराचा स्वामी म्हणवून घेतले. भारतात एक खोली नावावर नव्हती. नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा, पण फरक असा की या सोनुबाईकडे तोफा होत्या. त्या घेऊन गामा १५०२ मध्ये परत आला.

या वेळी वीस जहाजे होती. वाटेत आफ्रिकेच्या किल्वा शहराच्या सुलतानाला धमकावून सोन्याची खंडणी घेतली. त्या सोन्याचे पुढे देवापुढे ठेवायचे एक अप्रतिम पात्र घडवले गेले आणि ते आजही लिस्बनच्या संग्रहालयात भक्तिभावाने पाहिले जाते. मग हा ताफा मलबारच्या किनाऱ्यावर, एझिमलाच्या डोंगरासमोर, दबा धरून बसला. सप्टेंबर संपता संपता मक्केहून परतणारे मिरी नावाचे मोठे जहाज आले. आत दोनशे चाळीस पुरुष, शिवाय बायका आणि मुले. हज करून घरी निघालेली माणसे, आणि घर आता हाकेच्या अंतरावर. कालिकतचे धनाढ्य व्यापारी जहाजावर होते, म्हणून त्यांनी प्रतिकार केला नाही. पैसे दिले की सुटका होते हा त्यांचा आजवरचा अनुभव. त्यांनी खंडणी देऊ केली, वाढवून देऊ केली, मसाल्याने जहाजे भरून द्यायची तयारी दाखवली. गामाने ऐवज काढून घेतला आणि जहाज जाळायचा हुकूम दिला. आतल्यांनी आग विझवली. हत्यारे आधीच काढून घेतलेली, म्हणून ते दगडांनी लढले. बायका कठड्याशी येऊन अंगावरचे दागिने हलवून दाखवत होत्या, तान्ही मुले दोन्ही हातांनी वर धरत होत्या. हे सगळे टोमे लोपेस या पोर्तुगीज माणसाने, त्याच ताफ्यातल्या दुसऱ्या जहाजावरून, डोळ्यांनी पाहिले. झुंज अनेक दिवस चालली. अखेर जहाज जळाले. सुमारे वीस मुले तेवढी वाचवली. ती पाद्री करण्यासाठी.

त्यानंतर कालिकत. शहरातले सगळे मुसलमान हाकलून द्या ही मागणी सामुद्रीने नाकारली, तेव्हा नावांवरून पकडलेली तीसहून जास्त साधी माणसे डोलकाठ्यांवर फाशी दिली. त्यांची डोकी आणि हातपाय तोडून एका होडीत भरले, वर चिठ्ठी ठेवली आणि होडी किनाऱ्याकडे सोडून दिली. शहरावर तोफा डागल्या.

यावर एक ठरलेले उत्तर येते: त्या काळी असेच चालायचे, आजच्या मापाने मोजू नका. बरे, नाही मोजत. त्या काळच्याच मापाने मोजू. लोपेस त्याच काळचा, त्याच देशाचा, त्याच धर्माचा, आणि त्याने जे पाहिले ते क्रौर्य म्हणूनच लिहिले. आपण ते जन्मभर विसरणार नाही असेही लिहिले. त्याला १५०२ मध्ये जे कळले ते आपल्याला कळायला अडचण कसली? आणि हो, आपला समुद्र काही आधी क्षीरसागर नव्हता. मलबारला चाचे होते. चोळांचे आरमार १०२५ मध्ये थेट श्रीविजयवर जाऊन आले होते. सामुद्रीही शेजारच्या कोचीच्या मानेवर बसलेला होता. पण खुल्या समुद्रात कुणी जहाज हाकायचे आणि कुणी नाही हे ठरवायचा हक्क एका राजाचा, आणि तोही अर्ध्या पृथ्वीपलीकडच्या, हे या पाण्यावर कुणी सांगितले नव्हते. गामाने ते सांगितले, आणि ऐकले नाही तर काय होते ते मिरी जाळून दाखवले. पुढे त्याची रीतसर कचेरी झाली: कार्ताझ नावाचा परवाना घ्या, त्यांच्या बंदरात जकात भरा, नाहीतर जहाज जप्त. मोगल बादशहाच्या माणसांनाही हजला जाताना हा कागद घ्यावा लागे. मिऱ्यांसाठी आलेल्यांनी आमच्याच डोक्यावर मिरी वाटली ती अशी. ३१ डिसेंबर १५०८ च्या आगेमागे दाभोळ जाळणारा पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदा हा त्याच शाळेचा विद्यार्थी.

आता तराजूच्या दुसऱ्या पारड्यात कान्होजी आंग्रे ठेवा. आपल्या किनाऱ्यावर, आपल्या छत्रपतींचा सरखेल म्हणून, त्याने जहाजांना दस्तक घ्यायला लावले. इंग्रजांचे परवाने जुमानले नाहीत. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज गळ्यात गळे घालून कुलाब्यावर चालून गेले आणि हात हलवत परतले. युरोपियनांच्या कागदांत याचे वर्णन काय? चाचा. दुसऱ्याच्या समुद्रात येऊन हाजी जाळणारा तो 'दर्यावर्दी', आणि स्वतःच्या समुद्रात जकात मागणारा हा लुटारू. हे त्यांनी लिहिले त्यात आश्चर्य नाही. प्रत्येकजण आपल्याच पोराची पाठ थोपटतो. पण हीच वाटणी आम्ही मराठीत उतरवून मुलांना पाजली. मुलांसाठीच्या चरित्रमालांमध्ये 'धाडसी दर्यावर्दी' गामा मी लहानपणी वाचला, मुखपृष्ठावर दाढी, टोपी आणि नजर क्षितिजाकडे. मिरीचा उल्लेख त्यात नव्हता.

गामाचे उरलेले आयुष्य थोडक्यात सांगता येईल, आणि ते जरा विनोदी आहे. राजाने त्याला जन्मगाव सिनेश इनाम देऊ केले, पण ते सांतियागो संघाच्या मालकीचे. संघाने नकार दिला, गामाने तरीही तिथे घर बांधायला घेतले, आणि १५०७ मध्ये राजाज्ञेने त्याला सहकुटुंब गावाबाहेर काढले. हिंदी महासागराचा ॲडमिरल, आणि स्वतःच्या गावात राहायला बंदी! अखेर देश सोडून जातो अशी धमकी दिल्यावर १५१९ मध्ये विदिगेराची सरंजामी पदरात पडली. १५२४ मध्ये व्हाइसरॉय म्हणून तो तिसऱ्यांदा आला. दाभोळच्या समोर समुद्रात भूकंपाचे हादरे बसले, खलाशी घाबरले, तेव्हा समुद्र आपल्याला भिऊन कापतो आहे असे तो म्हणाल्याची आख्यायिका बखरकारांनी जपली आहे. चौलला उतरून त्याने अधिकार हाती घेतला. चोरून जहाजावर आलेल्या तीन बायकांना गोव्यात भर चव्हाट्यावर फटके मारवले, असे पोर्तुगीज बखरकार कोरिया लिहितो. भ्रष्टाचार निपटायला आलेला हा साहेब तीनेक महिन्यांत, २४ डिसेंबरला, कोचीत मेला. हाडे नंतर पोर्तुगालला नेली. १८८० मध्ये ती लिस्बनच्या जेरोनिमोस मठात थाटामाटाने हलवली, तर मागाहून कळले की हाडे दुसऱ्याचीच होती. मग १८९८ मध्ये खरी म्हणून दुसरी आणून ठेवली.

तो मठ मी पाहिला आहे. दगडात इतके नाजूक काम क्वचित दिसते. तो बांधायला पैसा आला पूर्वेकडच्या मसाल्याच्या व्यापारावरच्या पाच टक्के करातून, हे गाइड अभिमानाने सांगत होता. आमच्या सहलीतली पुण्या-ठाण्याची मंडळी गामाच्या समाधीला टेकून फोटो काढत होती. एका काकांनी तर वाकून नमस्कार केला. मी विचारले, काका, हे कशासाठी? म्हणाले, मोठा माणूस, आपला देश शोधला त्यांनी. मी पुढे काही बोललो नाही. सहलीचे अजून चार दिवस उरले होते.

१९९८ मध्ये पाचशे वर्षे झाली तेव्हा लिस्बनने सतरा किलोमीटरचा पूल बांधून त्याला गामाचे नाव दिले. त्यांचा माणूस, त्यांचा पूल. आपल्याकडे निषेध झाले, ते योग्यच होते, पण निषेध संपला आणि पाठ्यपुस्तकातली ओळ जागच्या जागी राहिली. मग मधूनमधून गोव्यातल्या वास्को शहराचे नाव बदलायची टूम निघते. मला विचाराल तर ती पळवाट आहे. स्टेशनवरची पाटी रंगवायला एक दिवस पुरतो. त्या शहराने गामाला केव्हाच पचवले आहे: तिथला वर्षातला सगळ्यात मोठा उत्सव म्हणजे श्रावणातला देव दामोदराचा भजनी सप्ताह, अहोरात्र टाळ वाजत असतात, आणि त्या गर्दीत गामा कोण हे विचारायला कुणाला सवड नसते. वास्को राहू द्या. त्याऐवजी इयत्ता कुठलीही धरा, त्या एका ओळीखाली मिरीवरचा एक परिच्छेद घाला, टोमे लोपेसच्या नावानिशी घाला, आणि प्रश्नपत्रिकेत विचारा: १५०२ मध्ये एझिमलासमोर काय घडले? पाच गुणांना विचारा. पोरे आपोआप पाठ करतील, आणि पाठ करता करता एखादे पोर मास्तरांना विचारेलही, की मग कान्होजीला चाचा का म्हणायचे. मास्तरांनी उत्तराची तयारी आतापासून ठेवावी.